बिराजदार सरांचं बसणं

आमच्या सोलापूरच्या प्रोबेशन ऑफिसातले बिराजदार सर कुणालाही आरोपी म्हणत नाहीत. कोर्टानं तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलेली माणसं आमच्या देखरेखीखाली येतात. सरांच्या लेखी ते सगळे ‘पावणं’. एकदा भर कोर्टात ते "पावणं आल्यात, साहेब," म्हणाले आणि न्यायाधीश दाराकडे बघायला लागले.

पावण्याच्या घरी आधी चहा, मग ज्वारीचा भाव, मग म्हातारीचे गुडघे. मोडनिंबला एकाच्या शेळीचं नावही सरांनीच ठेवलंय. कामाचा विषय निघतो तो उठल्यावर, चपला घालताना. "मारामारी बंद हाय न्हवं? बरं, येतो की."

यंदा वरून आदेश आला. कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते प्रत्येकानं महिनाभर लिहायचं. त्यावरून कुठल्या ऑफिसला किती माणसं लागतात ते ठरणार. आम्ही दोघंच जिल्हाभर फिरतो. तिसरं माणूस मिळेल या आशेनं मी फोनवर गेलेली मिनिटंसुद्धा लिहिली. सरांनी मोडनिंबच्या भेटीपुढे लिहिलं, ‘पाच मिनिटं’.

"सर, अख्खी दुपार जाते की तिथं!"

"व्हय. पण कामाचं इचारलं तेवढंच लिवलं."

बाकीच्या भेटीही त्यांनी तशाच लिहिल्या. शेवटी वरून उत्तर आलं : आहे तेवढी माणसं पुरेशी आहेत.

मी भडकले. "तुमच्या चहापायी आता माळशिरसपर्यंत मीच मरायचं का?"

दुसऱ्या दिवशी सर आले, माझ्या टेबलावरच्या माळशिरसच्या सगळ्या फायली उचलल्या आणि स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "फायली राहू द्या, सर. पण खरा वेळ का नाही लिहिलात?"

ते फायलींच्या कडा जुळवू लागले.

"मॅडम, बायको गेली, पोरगी बेंगळूरला. सांच्याला घराचं कुलूप काढायचं लई जिवावर येतं. म्हणून बसतो तितं. ती माणसं ‘बसा’ म्हणत्यात. त्यातलं त्यांच्यासाठी किती आन् माझ्यासाठी किती, मलाच कळंना. सरकारला काम म्हणून कसं सांगू?"

मी वरची फाईल माझ्याकडे ओढली आणि विचारलं, "माळशिरसला कधी जाताय?"

"उद्या."

"मीपण येते."

सरांनी मान वर केली. "या की," म्हणाले. "पण उठायची घाई करायची न्हाय."