शालिनी परत फिरते, ते पटलं का?

छत्रपती संभाजीनगरात स्वखर्चाने कादंबरी प्रकाशित करणाऱ्या व्यक्तीस कोणताही परवाना लागत नाही. तिच्यावर प्रतिक्रिया देणाऱ्यास मात्र काही शिस्त पाळावी लागते. 'सप्रेम भेट' म्हणून पुस्तक हाती पडताच ते उघडायचे नाही. ते हनुवटीखाली, छातीशी उभे धरायचे, मुखपृष्ठावरील नावावर बोट येणार नाही याची काळजी घ्यायची आणि छायाचित्र काढून घ्यायचे. लेखक आपल्या घराचे कुलूप उघडण्यापूर्वी ते छायाचित्र 'अप्रतिम! डोळे पाणावले' या मजकुरासह त्याच्या फोनवर पोचले पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास आपण पुस्तक वाचत बसलो आहोत असा संशय निर्माण होतो आणि संबंध बिघडतात.

या व्यवहारात एकसूत्रता यावी म्हणून मुकुंदवाडीत 'मुक्त कादंबरी प्रतिक्रिया मंडळ' स्थापन झाले. अध्यक्षपदी सोमनाथराव आहेत. ते एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले असून, कोणतीही फाइल न उघडता ती निकाली काढण्याचा त्यांचा हातखंडा खात्यात आजही आठवला जातो. मंडळात एखादा विज्ञानाचा माणूस असावा, या विचाराने त्यांनी मला सदस्य करून घेतले. मी रसायनशास्त्र शिकवत असे. ब्युरेटकडे न पाहता आकडा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर नापास केले. त्या सवयीचा परिणाम असा की, पुस्तक उघडल्याशिवाय मला प्रतिक्रिया होत नाही. हा दोष मी मंडळापासून लपवून ठेवला होता.

तनुजाच्या कादंबरीमुळे तो उघडकीस आला.

तनुजा एका दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. रुग्ण आत कण्हत असताना बाहेर बसून तिने 'उत्तरेकडची खिडकी' ही कादंबरी लिहिली. प्रकाशन रीतसर झाले. एक गोष्ट मात्र रीतीला सोडून घडली. प्रत देताना ती प्रत्येकाला एक प्रश्न विचारत होती.

"शेवटी शालिनी स्टेशनवर जाते आणि परत फिरते. ते पटलं का, एवढंच सांगा. एकानं जरी वाचून सांगितलं ना, तर पुढची लिहीन. नाहीतर मग आपला दवाखाना बरा."

लोकांनी तिला अप्रतिम, निःशब्द, शब्द अपुरे, आणि एकाने नजरचुकीने 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे कळवले. शालिनीबद्दल कोणीच बोलेना.

मी प्रत घरी नेली आणि वाचायला घेतली. नायिका पहिल्याच परिच्छेदात अंधार पडल्यावर बाहेर पडते आणि फुलांवर अंडी घालते. अलीकडच्या कादंबरीत काहीही अशक्य मानू नये असा माझा अनुभव असल्याने मी पुढे गेलो. दुसऱ्या प्रकरणात तिची मुले कपाशीच्या बोंडात शिरतात. ती आत गेली की प्रवेशाचे छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसत राहते. कुटुंबसंस्थेवरील हे भाष्य मला प्रभावी वाटले. तिसऱ्या प्रकरणात लेखिका निंबोळी अर्काचे प्रमाण सांगू लागते, तेव्हा कथानकाचा ओघ तुटतो असे मी समासात नोंदवले. हंगाम संपल्यावरही जुन्याच कपाशीला पाणी देत आणखी कापूस काढत राहणे याला आपल्याकडे फरदड म्हणतात. 'फरदड घेऊ नका' या वाक्यावर कादंबरी संपते.

मी तनुजाला प्रामाणिक वैयक्तिक प्रतिक्रिया पाठवली : 'कादंबरी माहितीपूर्ण आहे. पात्रे अल्पायुषी आहेत. शेवट ठाम, पण उपदेशपर.'

लगेच तिचा फोन आला.

"सर, तुम्ही खरंच वाचलं?"

"पूर्ण."

"मग शालिनी परत फिरते, ते पटलं का?"

"शालिनी कोण?"



"नायिका, सर."

"माझ्या प्रतीत नायिकेचे नाव पेक्टिनोफोरा आहे. ती परत फिरत नाही. अंडी घालते आणि मरते."

तनुजा दवाखान्यातून थेट माझ्याकडे आली. तिने आजवर फक्त छापखान्यातून मिळालेली नमुना प्रत उघडली होती आणि ती बरोबर होती. वाटलेल्या प्रतींत मुखपृष्ठ खिडकीचे होते आणि आत बोंडअळी होती. आम्ही दोघे छापखान्यात गेलो. मालक जावेदभाईंनी पुस्तक उलटसुलट करून पाहिले, अंगठ्याने कडा फुलवल्या आणि सुस्कारा सोडला.

"मॅडम, छपाई एक नंबर झाली. बघा, कुठं शाई पसरली का? सिर्फ कपडे बदल गए. एका बियाणेवाल्याचं बोंडअळीचं पुस्तक अन् तुमचं, दोन्ही संगंच बाइंडिंगला होते."

"मग माझी कादंबरी कुठं आहे?"

"ती गेली ना, लासूर स्टेशन अन् देवगाव रंगारीला. बियाणेवाल्यानं शेतकऱ्यांना फुकट वाटली. पूरा माल वाटून झाला. पण एक सांगतो मॅडम, अजून कोणाची कम्प्लेंट नाय आली."

"इकडूनही नाही आली," तनुजा म्हणाली.

या वाक्याचा विचार करत आम्ही सोमनाथरावांच्या घरी गेलो. ते मंडळाच्या वार्षिक पुरस्काराची निमंत्रणपत्रिका तपासत होते. पुरस्कार 'उत्तरेकडची खिडकी'ला जाहीर झाला होता.

"काका, पुस्तक चुकीचं आहे," तनुजा म्हणाली. "आत माझी कादंबरीच नाहीये. मी सगळ्या प्रती परत मागवते."

"चूक असती तर कोणाच्या तरी लक्षात आली असती," सोमनाथराव म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावून, सदस्यांनी पुरस्कारासाठी कुठलीतरी एकच ओळ उचलून पाठवलेल्या प्रतिक्रिया फोनमधून वाचायला सुरुवात केली. "हे ऐका. 'मातीचा असा गंध मराठीत प्रथमच.' हे दुसरं, 'बोंडअळी म्हणजे आपणच.' आणि ही तर बघाच. 'फरदड घेऊ नका, या एका ओळीमुळे मी मेव्हण्याशी असलेले जुने संबंध तोडले.' एका माणसाचं आयुष्य बदललं, ताई! आणि तुम्ही प्रती परत मागवताय?"

"पण हे सगळे कापसाबद्दल आहे," मी म्हणालो.

"ते तुम्हाला वाटतं, सर. कारण तुम्ही वाचलंय."

त्यांच्या आवाजात दुखावलेपण होते.

"मला हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं. ज्यानं पुस्तक वाचलं, तो पुस्तकाच्या प्रभावाखाली आला. त्याचं मत तटस्थ कसं म्हणायचं? न्यायाधीश कधी आरोपीच्या घरी राहायला जातो का?"

या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे हे मला जाणवत होते. ती दाखवण्यासाठी मी शास्त्राचा आधार घेतला आणि तिथेच चुकलो. नव्या औषधाची चाचणी घेताना खरे औषध कोणाला दिले हे रुग्णाला ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही ठाऊक नसते, असे मी समजावून सांगितले. यातून काय निष्कर्ष काढायचा ते सांगण्यापूर्वीच सोमनाथरावांनी माझा हात धरला.

"सर, हेच! आपल्या मंडळाला याच शास्त्रीय बैठकीची गरज होती."

दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या गटावर परिपत्रक आले. विज्ञाननिष्ठ पद्धतीनुसार यापुढे दोन्ही बाजूंनी आंधळी प्रतिक्रिया हीच ग्राह्य धरण्यात येईल. लेखकाला आपण काय लिहिले हे ठाऊक नसावे आणि वाचकाला आपण काय वाचले हे ठाऊक नसावे. वाचक अजाण असण्याची अट आजवर सर्वच कादंबऱ्यांनी पूर्ण केली असली, तरी प्रतींत काय आहे हे लेखिकेलाही ठाऊक नसणारी 'उत्तरेकडची खिडकी' ही पहिलीच कादंबरी असल्याने पुरस्कार कायम करण्यात येत आहे. खाली मार्गदर्शक म्हणून माझे नाव होते.

परिपत्रकाची अंमलबजावणी कोणत्याही सरकारी योजनेला लाजवेल इतक्या वेगाने झाली. पुस्तके खाकी कागदात शिवून वाटली जाऊ लागली. कागद फाटलेला आढळल्यास सदस्याकडून खुलासा मागवण्यात येई. एका सदस्याने मुलाने कागद फाडल्याचे सांगितले, तेव्हा मुलाला अक्षरओळख नसल्याचा अंगणवाडीचा दाखला त्याला जोडावा लागला. पुढे, पुस्तक अस्तित्वात असणे हाच मुळात प्रभाव आहे, हे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि आगामी कादंबऱ्यांच्या प्रतिक्रिया आधीच गोळा करण्याचे ठरले. लासूर स्टेशनच्या एका होतकरू लेखकाला इतक्या उत्कृष्ट प्रतिक्रिया मिळाल्या की, आता कादंबरी लिहून त्यांवर पाणी पाडायला नको, असा निर्णय त्याने घेतला. मंडळाने त्याचा सत्कार केला.

तनुजाने एकदा शेवटचा प्रयत्न केला.

"काका, मी लेखिका आहे. मी स्वतः सांगते, हे पुस्तक माझं नाही."

"ताई, रागवू नका. पण तुमचं मत कसं धरणार? ती कादंबरी तुम्ही लिहिताना वाचली, टाइप करताना वाचली, मुद्रितं तपासताना वाचली. आपल्या सबंध जिल्ह्यात तुमच्याइतकी पूर्वग्रहदूषित व्यक्ती सापडायची नाही."

 परत आल्यावर रिक्षातून उतरताना ती एवढेच म्हणाली, "सर, मी दवाखान्यात पूर्ण वेळ मागून घेतलाय. पुढची लिहिणार नाही."

मी तिला विज्ञाननिष्ठ दिलासा देऊ शकलो नाही. पुरावा तिच्या बाजूने नव्हता.

पुरस्काराच्या दिवशी सकाळी तिला देवगाव रंगारीहून द्वारकाबाई नावाच्या एका शेतकरीणबाईंचा फोन आला. बोंडअळीच्या मुखपृष्ठाआड गेलेल्या कादंबरीत लेखिकेचा नंबर छापलेला होता. बाई रागात होत्या. फवारणीची तक्रार असणार असे गृहीत धरून तनुजाने त्यांना मंगल कार्यालयाचा पत्ता सांगितला. पुरस्काराबरोबर तक्रारही घेऊन टाकावी, असे तिला वाटले असावे.

मानपत्राचे वाचन सुरू असताना द्वारकाबाई सभागृहात आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, बोंडअळीचे रंगीत चित्र असलेले पुस्तक होते. त्या रांगांमधून चालत थेट व्यासपीठापाशी पोचल्या.

"ओ बाई! तुमीच का ती लिव्हणारी?"

"व्हय," तनुजा म्हणाली. दवाखान्यात ती असे बोलत नाही.

"अळीचं औषध कुटं हाय ह्याच्यात? हुडकू हुडकू अर्धं पुस्तक वाचलं. म्हनलं येईल म्होरं, येईल म्होरं. आन् मग औषधाचं इसरूनच गेले. तिकडं अळीनं माजी कपाशी खाल्ली, आन् मी हितं शालिनीच्या काळजीत!"

तनुजा खुर्चीतून उठली. मानपत्र थांबले.

"शालिनी परत फिरते," तिने विचारले, आणि तिचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवायही शेवटच्या रांगेत ऐकू गेला, "ते पटलं का?"

"नाय पटलं! लई राग आला मला. टेसनावर गेली, तिकीट काढलं, गाडी म्होरं उभी, आन् ही बया परत! कशापायी?"

"सासू आजारी होती ना."

"आन् नणंद काय मेली व्हती? घरातच हाय की ती! तुमीच लिव्हलंय, नवऱ्याला सोडून आली म्हनून. तिनं बगितलं असतं सासूला."

तनुजा व्यासपीठाच्या कडेला आली.

"नणंद," ती म्हणाली. "बाई, नणंदेला तर मी विसरूनच गेले."

सोमनाथरावांनी घसा साफ करून ध्वनिक्षेपक हाती घेतला. "मावशी, मंडळ आपल्या भावनांचा आदर करतं. पण प्रतिक्रिया द्यायची, तर आपण पुस्तक वाचलेलं नाही, असं आधी लिहून द्यावं लागेल."

"म्या का खोटं लिहून देऊ? दोनदा वाचलंय."

सभागृहात हळहळ पसरली. पहिल्या रांगेतील एका गृहस्थांनी आपल्या नातीला जवळ ओढून घेतले.

तेवढ्यात तनुजा व्यासपीठावरून खाली उतरली होती. त्या दोघी मागच्या दाराने बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मीही गेलो. द्वारकाबाई पाने उलटून चुका दाखवत होत्या, तनुजा भांडत होती, मधूनच दोघी हसत होत्या.

"मग आता काय करायचं तिचं?" तनुजाने विचारले.

"म्होरल्या पुस्तकात गाडीत बसव तिला. मी सांगते. आन् नणंदेला घाल कामाला."

"बरं. बसवते."

"आन् त्याच्यात अळीचं औषधबी टाक. येक पान टाक. तेवढं तरी उपयोगी पडंल."

तनुजाने मान हलवली आणि पर्समध्ये पेन शोधू लागली.

आत पुरस्कार प्रदान झाला. लेखिका नसल्याची अडचण सोमनाथरावांनी चटकन सोडवली. लेखिकेची प्रत्यक्ष उपस्थिती हाही एक प्रभावच असल्याने तो टाळण्यात आला आहे, असे त्यांनी जाहीर केले. शाल रिकाम्या खुर्चीला पांघरली गेली. खुर्चीबरोबर सर्वांनी छायाचित्रे काढून घेतली. खुर्ची अत्यंत नम्र वाटली, असे अनेकांनी नंतर कळवले.

घडले ते घडले तसे लिहून ठेवणे हे विज्ञानाच्या माणसाचे कर्तव्य आहे. म्हणून मी हा सर्व वृत्तांत लिहून काढला आणि मंडळाच्या गटावर पाठवला. मजकूर दीर्घ असल्याने तो पोचायला काही क्षण लागले. तो पूर्ण उघडण्याआधीच खाली प्रतिक्रिया येऊ लागल्या. अप्रतिम. निःशब्द. डोळे पाणावले. मागोमाग अंगठ्यांची रांग लागली.

त्यांत आपलाही अंगठा आहे. तो आपण शीर्षकाखालची पहिली ओळ वाचण्यापूर्वीच दिला होता. आता इथवर वाचत आला असाल, तर नियमानुसार तो रद्द होतो. पण आपण निश्चिंत असावे. मी मंडळाला कळवले, तरी आपण वाचले आहे यावर तिथे कोणाचाही विश्वास बसणार नाही.