घट्ट बसलेलं झाकण

प्रतिमा गेल्याचा फोन आला तेव्हा चंद्रकांत येलहंक्याच्या शेडमध्ये फुशारकी मारत होता.

दर रविवारी तिथे लोखंडाच्या नादी लागलेली मंडळी जमायची. कुणी बँकेतला, कुणी आयटीतला, चंद्रकांत सरकारी कारखान्यातून निवृत्त. भट्टी पेटवायची, ऐरणीवर हातोडे चालवायचे आणि संध्याकाळी भाजलेली बोटं घेऊन आनंदात घरी जायचं! त्या दिवशी त्याच्या सांडशीत लालभडक सळई होती.

"बघा रे पोरांनो! असा पीळ देतो की जन्मात सुटायचा नाही!"

शेडचा मालक गुरुप्रसाद चंद्रकांतचाच फोन कानाला लावून उभा होता. "अण्णा, ते खाली ठेवा."

"स्वल्प थांब रे! लाल आहे तोवर दोन घाव घालू दे!"

"अण्णा, तुमच्या शेजारच्या अहल्याक्का आहेत फोनवर. वहिनी..."

तोवर दोन घाव घालून झाले होते. तिसऱ्यासाठी उचललेला हातोडा चंद्रकांतने कुठे ठेवला, ते त्याला आठवत नाही.

अस्थी हंपीला, तुंगभद्रेत सोडायच्या हे नक्की होतं. प्रतिमानेच एकदा सांगितलं होतं. चित्रदुर्ग मागे पडलं की हिरवं संपतं. भाजलेलं माळरान, दगडावर दगड, आणि मध्ये सरळ रस्ता. घरात कधी आवाज न चढवणारी ही बाई त्या रस्त्यावर बुलेटच्या मागच्या सीटवरून शिट्ट्या मारायची!

"बाबा, कारने जाऊ या," मुलगी शमिका म्हणाली.

"नको. आईला गाडी लागते."

"अहो बाबा, आता कुठे लागणार आहे तिला!"

हे बोलून तिने जीभ चावली. मग शमिका म्हणाली, "सरी, ठीक आहे. बुलेटनेच न्या. मी मागून कारने येते."

पण अस्थी होत्या मातीच्या मडक्यात. मडकं आणि बुलेट! पहिल्याच स्पीडब्रेकरला प्रतिमा तुमकूर रोडवर! छे! चंद्रकांतने तांब्याचा पत्रा आणला आणि शेडमध्ये ठोकून ठोकून एक देखणं भांडं घडवलं. झाकण तर असं केलं की कारखान्यातल्या जुन्या साहेबांनी उठून हात मिळवला असता. अस्थी आत ठेवल्या, झाकण भट्टीत तापवून फुगवलं आणि गरम असतानाच भांड्याच्या गळ्यावर बसवलं. गार होताना ते आकसलं आणि गळ्याला घोरपडीसारखं चिकटलं.

"श्रिंक फिट!" चंद्रकांत म्हणाला. "ना धूळ जाईल, ना पाणी. बुलेट उलटली तरी हलणार नाही!"

सगळ्यांनी वाहवा केली. सगळे धातूतले जाणकार! हे उघडायचं कसं, असं एकानेही विचारलं नाही.

भांडं मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून चंद्रकांत निघाला. बरोबर गुरुप्रसाद आणि मूळचा पुण्याचा शार्दूल आपापल्या मोटरसायकलवर. प्रत्येक स्पीडब्रेकरला चंद्रकांत सवयीने म्हणायचा, "धरून बस गं!" चित्रदुर्गापुढे टेकड्यांवर पवनचक्क्या दिसल्या तेव्हा त्याने हात लांब करून दाखवल्यासुद्धा. मागून शिट्टी आली नाही.

घाटावर गुरुजींनी मंत्र म्हटले, फुलं वाहिली आणि म्हणाले, "हं सार, उघडा."

चंद्रकांतने झाकण ओढलं. नुसतंच. मग गुडघ्यात भांडं धरून ओढलं. मग त्याने भांडं धरलं आणि शार्दूलने झाकण. दोघं घाटावर रस्सीखेच खेळावी तसे मागे मागे सरकत होते!

"हळू! आई आहे त्यात!" शमिका ओरडली.

"काका, हे परत तापवावं लागेल," शार्दूल धापा टाकत म्हणाला. "फक्त झाकण तापायला हवं. भांडं गार राहिलं पाहिजे."

झालं! येलहंक्याची रविवारची सभा तुंगभद्रेच्या काठावर भरली. गुरुप्रसादने भांडं गळ्यापर्यंत पाण्यात धरलं, शार्दूलने झाकणावर गुरुजींच्या ताटातला सगळा कापूर रचला आणि पेटवला. ज्वाळा हातभर उठली! घाटावरच्या लोकांना वाटलं, काही तरी मोठं अनुष्ठान चाललंय. दोन बायकांनी तर पुढे येऊन पदर पसरून नमस्कार केला.

"हा विधी कुठला?" गुरुजींनी हळूच विचारलं. "मी कधी पाहिला नाही."

"कारखान्यातला," शमिका म्हणाली.

कापूर संपला. झाकण काळं झालं, गुरुप्रसादच्या मनगटावरचे केस जळले. झाकण होतं तिथेच.

"तांबं आहे ना," चंद्रकांत म्हणाला. "झाकण तापलं की गळाही तापतो. दोन्ही बरोबरच फुगणार."

"मग तांबं कशाला घेतलंत, बाबा?"

"तिला तांब्याचा रंग आवडायचा."

मागे दुसरी मंडळी ताटकळली होती. गुरुजी घड्याळ बघू लागले. शेवटी शार्दूल धावत जाऊन पंक्चरवाल्याकडून लोखंड कापायची करवत घेऊन आला. "काका, दोन मिनिटांचं काम. कडेने कापतो."

चंद्रकांतने होकार देऊन भांडं धरलं. शार्दूलने पातं टेकवलं आणि ओढलं. कर्रर्र!

"थांब! थांब म्हणतो ना!" चंद्रकांत असा ओरडला की नदीत उभ्या माणसांनी वळून पाहिलं. "तिला हा आवाज सहन होत नाही! दात शिवशिवतात तिचे!"

शार्दूलने करवत पाठीमागे लपवली. गुरुप्रसाद नदीकडे बघू लागला. शमिकाने बापाच्या हातातून भांडं घेतलं, ओढणीने त्यावरची काजळी पुसली आणि त्याच्या हातात परत दिलं.

"चला बाबा," ती म्हणाली. "ऊन वाढतंय."

आता ते भांडं येलहंक्याच्या शेडमध्ये फळीवर आहे. दर रविवारी कुणी तरी झाकण उघडायची नवी युक्ती घेऊन येतं. चंद्रकांत ती नीट ऐकून घेतो आणि तिच्यात एक तरी चूक काढतोच. प्रतिमाच्या अस्थी नदीत सोडायच्या राहिल्या आहेत.