शेवटच्या अकरा मिनिटांचं प्रकरण

रीळ एक

"मध्यंतर नाही म्हणजे नाही," डॉ. शशिकांत बापट म्हणाले.

"अहो, मग वडे कधी द्यायचे?" सुप्रभाबाईंनी विचारलं.

"सिनेमा संपल्यावर."

"म्हणजे गार."

"अगं, चौऱ्याऐंशी मिनिटांचा तर सिनेमा. नव्वद वर्षांपूर्वीचा. मूळचं नाटक, त्यामुळे सगळं एकाच स्वयंपाकघरात घडतं. मंदीचे दिवस, बेकार माणसं, घरात खायला नाही. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आपले लोक वडे खाणार?"

"त्यांना थोडंच दिसणार आहे," सुप्रभाबाई म्हणाल्या आणि बटाटे सोलू लागल्या.

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात शनिवारी दुपारी हा सिनेमा दाखवायचा होता. शशिकांत भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले होते. ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा आणि वर भूलतज्ज्ञाचं प्रास्ताविक म्हटल्यावर सगळा हॉल झोपेल, अशी भीती सेक्रेटरी मंजिरीला वाटत होती. पण शशिकांत त्या सिनेमाबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, देवळात शिरल्यासारखा, आणि समोरचा माणूस जागा राहायचा.

रीळ दोन

गोष्ट अशी. मंदीतला हिवाळा. एका बाईच्या खानावळीत आठ भाडेकरू राहतात, आठही बेकार. वरच्या मजल्यावर एक खुनी लपलाय. पकडून देणाऱ्याला बक्षीस आहे. त्यात आठही जणांचा हिवाळा निघेल. खुनी दिसत मात्र कधीच नाही. बाई रोज रात्री सगळ्यांना वाढते, मग सूपचा एक वाडगा घेऊन जिना चढते आणि वाडगा रिकामा होऊन खाली येतो. तेवढ्यावरून वर कुणीतरी आहे हे कळायचं. कॅमेरा स्वयंपाकघरातून हलत नाही. टेबलाशी बसलेल्या आठ जणांपैकी फितूर कोण होणार?

शशिकांतांनी हे पहिल्यांदा पाहिलं ते १९७३ साली, पुण्यात, मेडिकल कॉलेजच्या फिल्म सोसायटीत. पांढऱ्या चादरीवर. पोलिसांनी दारावर थाप मारली, आठही जण एकमेकांकडे बघायला लागले, आणि

रीळ

आलंच नव्हतं. शेवटचा डबा चुकून दुसऱ्या गावी गेला होता.

हॉस्टेलवर पोरांनी विचारलं, "पुढे काय झालं?" 'माहीत नाही' म्हणवेना. शशिकांतांनी ठोकून दिलं: खुनी स्वतःच जिना उतरून येतो आणि हात पुढे करतो. का? तर आठांपैकी कुणालाच फितूर व्हावं लागू नये म्हणून. एकाने डोळे पुसले.

त्यानंतर बावन्न वर्षं त्यांनी हाच शेवट सांगितला. तीन हॉस्पिटलांच्या भूल विभागांना सांगितला. सुप्रभाबाईंना बघायला गेले तेव्हा पोहे खाता खाता सांगितला. आपण शेवट पाहिलेला नाही, हे कुणालाही सांगितलं नाही.

आणि आता सिनेमाची नवी डिस्क निघाली होती. पोस्टाने येऊन तीन आठवडे झाले, तरी त्यांनी वेष्टन काढलं नव्हतं. एकट्याने बघायचा धीर होत नव्हता. साठ माणसांत, अंधारात, आपला चेहरा कुणाला दिसणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

रीळ तीन

सिनेमा सुरू झाला आणि मंजिरीची भीती पहिल्या पाच मिनिटांत गेली. कुणी मोबाइल काढला नाही. मागच्या रांगेतले जयंतराव, जे नाटकातसुद्धा शेजाऱ्याला पार्किंगचे दर सांगतात, ते तोंड उघडं ठेवून बसले होते. सूप वाढताना बाईची पळी भांड्याच्या तळाला लागली, तर अख्ख्या हॉलने श्वास रोखला.

"बाई, तुम्ही?" पडद्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"मी आधीच जेवले," बाई म्हणाली आणि वाडगा घेऊन वर गेली.

शशिकांतांनी घड्याळ पाहिलं. आता फक्त अकरा मिनिटं राहिली होती.

इकडे किचनमध्ये सुप्रभाबाईंनी आपल्यापरीने तोडगा काढला होता. मध्यंतर नाही, म्हणजे वडे शेवटी. शेवटी, पण गरम. म्हणजे सिनेमा चालू असतानाच तळायला हवेत. भिंतीवर पाटी होती: इथे फक्त अन्न गरम करावे, तळू नये.

"सुप्रभाकाकू, पाटी," मंजिरी कुजबुजली.

"इंग्लंडातल्या पाट्या पाळत बसले असते, तर दिवाळीला चकली झाली नसती. दार लावून घे. आत वास जाईल."

दार लावल्यामुळे वास आत गेला नाही. धूरही बाहेर गेला नाही. तो किचनमध्येच साठत गेला आणि शेवटच्या घाण्याला, पडद्यावर पोलिसांनी दारावर थाप मारली त्याच क्षणी, फायर अलार्म वाजला.

रीळ चार, नाटकासारखं

(कार पार्क. बोचरा वारा. साठ मराठी माणसं, हातात वड्यांच्या प्लेटा. आत अलार्म कोकलतोय. केअरटेकर आल्याशिवाय तो बंद होणार नाही, आणि केअरटेकर सुपरमार्केटात आहे.)

मंजिरी : "पंचवीस मिनिटं लागतील म्हणतोय. पाचला हॉल झुंबा नाचाच्या क्लासचा आहे."

जयंतराव : "मग शेवट? डॉक्टर, शेवट सांगा! तुम्हाला तर पाठ आहे."

शशिकांत : "छे, छे. सांगून मजा नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा लावू."

एक आजी : "पुढच्या महिन्यात मी नागपूरला. मला आत्ता सांगा. त्याला पकडून दिलं का कुणी?"

(सगळे पुढे सरकतात. शशिकांतांना पुन्हा हॉस्टेलचा व्हरांडा दिसतो. तोंड उघडतं. उघडायला नको होतं.)

शशिकांत : "जिन्यावर पाऊल वाजतं. एक पायरी. दुसरी. सगळे वर बघतात..."

(दोन मिनिटांनी. शशिकांतांनी दोन्ही हात पुढे केलेत. अलार्मसुद्धा कुणाला ऐकू येईनासा झालाय.)

आजी : "किती मोठा माणूस हो! खुनी असून."

जयंतराव : (नाक ओढत) "थँक यू, डॉक्टर. पैसे वसूल. चला, निघू या."

(गाड्या सुरू होतात.)

शशिकांत : "अहो, थांबा! अजून अकरा मिनिटं आहेत!"

जयंतराव : (काच खाली करून) "कळलं की सगळं!"

(कार पार्क रिकामा.)

रीळ पाच

अलार्म बंद झाला तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. हॉलमध्ये वरदा नाचानंतरच्या व्यायामासाठी चटया पसरत होती. ही जयंतरावांची मुलगी; जन्म इथलाच, शिकवायची झुंबा. तिच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेतलेल्या चौदा इंग्लिश बायका उभ्या होत्या.

"वरदा, अकरा मिनिटं दे," शशिकांत म्हणाले.

"सॉरी काका, माझी क्लास आहे. आणि बाबा म्हणाले तुम्ही एंड सांगितला. बाबा कारमध्ये क्राय करत होता."

"तो एंड... तसा नाहीये बहुतेक."

"बहुतेक?"

शशिकांतांनी दाराकडे पाहिलं. मंडळाचं कुणी नव्हतं. सुप्रभाबाई किचनमध्ये कढई घासत होत्या.

"मी तो कधी पाहिलाच नाहीये. बावन्न वर्षं थापा मारतोय."

"फिफ्टी-टू इयर्स?" वरदाच्या हातातली चटई खाली पडली. तिने मागे वळून बायकांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. चौदा बायका मुकाट्याने चटयांवर बसल्या. वरदाने दिवे घालवले.

थाप. आठ चेहरे. पोलीस आत येतात. कुणीच काही बोलत नाही, सगळ्यांची नजर जिन्याकडे. आणि मग, त्र्याहत्तर मिनिटं खालीच थांबलेला कॅमेरा जिना चढू लागला.

एकेक पायरी. शशिकांतांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे श्वास मोजले होते. आपला चालू आहे की नाही, हे त्यांना कळेना. दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावर धूळ. खुनी कधीच निघून गेला होता, कित्येक आठवड्यांपूर्वी. कॅमेरा वळला आणि वरून तिसऱ्या पायरीवर थांबला. तिथे एक चमचा होता. ती पायरी मधोमध बसून बसून गुळगुळीत झाली होती.

बाईच रोज तिथे बसून ते सूप प्यायची. सगळ्यांना वाढून झाल्यावर 'मी आधीच जेवले' म्हणायची, आणि मग जिन्यात, अंधारात जेवायची. आपल्या वाट्याचा वाडगा मागायची लाज वाटू नये म्हणून तिने एक खुनी वर जिवंत ठेवला होता.

बाईने पदरासारखा एप्रन हातात गोळा केला. सिनेमा संपला. संगीतसुद्धा नव्हतं.

अंधारात चौदा अनोळखी बायका, वरदा आणि एक म्हातारा, सगळे पांढऱ्या पडद्याकडे बघत होते. मग एक जाडजूड बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कोण होती ती? आधी काय झालं? सांग ना, डक." इथल्या बायका सगळ्यांनाच डक म्हणतात.

शेवट माहीत असलेल्या आणि सुरुवात माहीत नसलेल्या माणसाला ही गोष्ट शशिकांतांनी कधीच सांगितली नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"एक खुनी असतो," ते नेहमीसारखं म्हणाले. आणि थांबले.

नाही. गोष्ट खुन्याची नव्हतीच. बावन्न वर्षं शेवट तर खोटा सांगितलाच, पण सुरुवातही चुकली होती.

"एक बाई असते," ते म्हणाले. "ती सगळ्यांना वाढते, आणि..."

त्यांचं लक्ष किचनच्या बंद दाराकडे गेलं. "एक मिनिट," असं म्हणून ते उठले. टेबलावरच्या ट्रेमध्ये एकच वडा उरला होता. तो त्यांनी प्लेटमध्ये ठेवला आणि दार ढकललं.

"सुप्रभा, तू खाल्लंस?"

"हो, मी आधीच खाल्लं," कढईवरून नजर न काढता त्या म्हणाल्या.

शशिकांतांचे डोळे भरून आले. "खोटं बोलू नकोस. इतकी वर्षं मी बघितलं नाही गं तुझ्याकडे. साठ माणसांना वाढलंस..."

"खोटं कशाला बोलू? पहिला घाणा माझाच. चार खाल्ले, गरम गरम, मिरचीसकट. दर कार्यक्रमाला खाते. उपाशीपोटी साठ माणसांना वाढायला मी काय वेडी आहे?" त्यांनी हात पुसले आणि प्लेटकडे पाहिलं. "हा उरला होय? आणा इकडे."

त्यांनी वडा घेतला आणि डोळे मिटून सावकाश खाल्ला. शशिकांत रिकामी प्लेट हातात धरून थक्क होऊन बघत राहिले. सकाळपासून आपल्या स्वतःच्या पोटात काहीच गेलेलं नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.