गाडीतला गारवा

आपली गाडी म्हणजे चाकांवरचं घर आहे, हे गिरिधररावांनी मनीषनगरातल्या अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. वाचनालयात जन्म गेलेला हा माणूस एरवी दूधवाल्याशीही कुजबुजत बोलायचा! निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, आत पलंग, शेगडी, छोटा कूलर आणि इन्व्हर्टर बसवला. पत्नी यमुताईंना घेऊन आधी रामटेक, मग मन म्हणेल तिथे मुक्काम, असा बेत होता.

मुलगा उन्मेष मात्र गाडी विकायला हुडकेश्वरचं गिऱ्हाईक पक्कं करून बसला होता.

"बाबा, मे महिन्यात आईले वांग्यासारखं भाजून काढता का त्या डब्यात?"

गिरिधरराव जन्मात कोणाला उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "उद्या दुपारभर गल्लीची लाईन बंद आहे. संध्याकाळपर्यंत गाडीतला कूलर चालला, तर विकायचं नाव काढायचं नाही."

उन्मेष हसून कबूल झाला.

गाडी फाटकात मावत नव्हती, म्हणून ती शेजारच्या ताराचंदभाऊंच्या कुंपणाला खेटून कडुलिंबाखाली उभी असे. तिची वायर त्यांच्याच गेटवरच्या दिव्याच्या प्लगला लावलेली. आत एक बटण होतं. वर केलं की बाहेरची लाईन, खाली केलं की गाडीचा स्वतःचा इन्व्हर्टर.

दुसऱ्या दिवशी लाईन गेली. गिरिधररावांनी रुबाबात बटण खाली केलं. कूलर सुरू! पण कुलूप लावल्यावर कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघणारा हा माणूस. बटण नीट बसलं ना? त्यांनी ते वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. कूलर चालूच होता. म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून ते पुस्तक उघडून बसले.

गारव्याच्या वासाने ताराचंदभाऊ आले आणि पन्ह्याचा पेला घेऊन कूलरपुढे नवरदेवासारखे बसले. इतक्यात घरून त्यांच्या पत्नीचा, पुष्पलताबाईंचा फोन आला. घरातला इन्व्हर्टर कण्हून राहिला होता.

"सस्ती बॅटरी घेतली की असंच होते," ताराचंदभाऊ म्हणाले. "गिरिधरभाऊची पाहा वं, कशी चालून राहिली."

गिरिधररावांनी पलंगावर बसलेल्या उन्मेषकडे किल्ला जिंकून आल्यासारखं पाहिलं.

तेवढ्यात कूलर मंदावला, घरघरला आणि थांबला. पलीकडच्या घरातून पुष्पलताबाईंचा आवाज आला की पंखाही बंद पडला. उन्मेषने वरच राहिलेलं बटण पाहिलं आणि खिडकीतून वायरीचा माग काढला. ती गेटपर्यंत गेली होती. रात्री गेटवर अंधार नको म्हणून ताराचंदभाऊंनी तो प्लग घरच्या इन्व्हर्टरवर घेतलेला!

"काका, तुम्ही आतापर्यंत तुमचीच हवा खाऊन राहिले होते," उन्मेष म्हणाला. "बाबा, हरलात तुम्ही."

गिरिधररावांना पलंगाखाली शिरावंसं वाटलं. पण तिथे गॅसची टाकी होती. मग ते ताठ झाले.

"हरलो नाही. माझ्या बॅटरीला अजून हातही लागला नाही."

त्यांनी बटण खाली केलं आणि पुन्हा शंका येऊ नये म्हणून स्वतःचा हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून बसले. कूलर भणाणला. मग दिवस मावळेपर्यंत तो थांबला नाही. उन्मेषने गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

फक्त झालं असं, की ताराचंदभाऊंची बॅटरी आपण पिऊन टाकल्यावर त्यांच्या घरच्यांना उकाड्यात ठेवणं यमुताईंना पटेना. त्यांनी स्वतः जाऊन बोलावलं. पुष्पलताबाई आल्या, त्यांच्या सासूबाई आल्या, मुलगी खुशी अभ्यासाची पुस्तकं घेऊन आली. गाडी भरली. मालक-मालकीण बाहेर कडुलिंबाखाली खुर्च्या टाकून बसले, वर्तमानपत्राने वारा घेत.

"गाडी राहिली ना आपली?" यमुताईंनी विचारलं.

"राहिली. कोणाची हिंमत आहे विकायची?"

आतून ताराचंदभाऊंनी डोकं बाहेर काढलं. "भाऊ, कूलरमधलं पाणी संपून राहिलं गा. जरासं टाकता का?"

गिरिधररावांनी मान ताठ ठेवून बादली उचलली.