टिपू कुणाला दिसला?

मुलुंडच्या थिएटरात शिरतानाच हर्षद परबने लेकीला सांगून टाकलं, "माझे डोळे बघत नाहीत, आणि गळतही नाहीत."

पैज अशी होती. पिक्चर आंधळ्या बापाचा. बायको गेलेली, पोरगी एकट्याने वाढवलेली. म्हणजे थोडक्यात हर्षदचाच. बाबा रडला तर प्रांजलच्या तीन दिवसांच्या ट्रेकच्या फॉर्मवर सही, नाहीतर ट्रेक रद्द. प्रांजल पंधरा वर्षांची. आई गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत दोघं एकमेकांना सोडून एक रात्र राहिलेली नाहीत. त्यात नक्की कोण कुणाला सोडत नव्हतं, हा रकाना फॉर्मवर नव्हता.

हर्षद एक गोष्ट विसरला. पडद्यावर काय चाललंय ते त्याच्या कानात सांगणार होती प्रांजलच.

पहिला प्रयत्न: दूध.

"दूध उतू गेलं, बाबा. त्याचा हात भाजला. पोरगी फुंकर घालतेय."

"उतू गेलंच कसं? वर येताना दूध आवाज करतं. हा आंधळा आहे की बहिरा?"

मागच्या बाई रडव्या आवाजात "श्श" म्हणाल्या.

दुसरा प्रयत्न: वेणी.

"त्याने वेणी वाकडी घातली. वर्गातल्या पोरी हसतायत."

"मी कधी वाकडी घातली का तुझी?"

"रोज."

"बोलली नाहीस ते."

"तू इतका खूश असायचास ना."

हर्षदने घशात अडकलेला पॉपकॉर्न गिळला. पॉपकॉर्नच होता तो.

इंटरव्हल. प्रांजलने गप्प बसून समोसा खाल्ला. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी शिजतंय, हे बापाला कळायला हवं होतं.

तिसरा प्रयत्न:

"बाबा, एक कुत्रा आलाय. लंगडा. गळ्यात पट्टा आहे, त्यावर नाव टिपू."

"भुंकत नाहीये तो."

"मुका आहे."

"लंगडा आणि मुका?"

"गरीब आहे रे."

टिपू पोरीला रोज शाळेत सोडू लागला. मग पोरगी हॉस्टेलला गेली. टिपू दारात बसून राहिला. खाईना, पिईना.

मागच्या बाई कुजबुजल्या, "अहो, कुत्रा कुठाय?"

"मलाही दिसत नाहीये," नवरा म्हणाला.

"चष्मा पुसा. ती मुलगी एवढं सांगतेय."

हर्षद भडकून मागे वळला. "दोन-दोन डोळे आहेत ना? नीट बघा की. दारात बसलाय तो. पोरगी गेलीय आणि तो बिचारा..."

आणि हर्षद रडला. असा रडला, असा रडला, की मागच्या बाईही न दिसलेल्या कुत्र्यासाठी हुंदके देऊ लागल्या.

दिवे लागले. बाई नाक पुसत म्हणाल्या, "पण भाऊ, खरंच सांगते, पूर्ण पिक्चरमध्ये साधं मांजर नव्हतं."

हर्षद लेकीकडे वळला. "ही चीटिंग आहे."

"कुत्रा खोटा. रडलास ते खरं ना?"

प्रांजलने त्याच्या हातात पेन दिलं, त्याचं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं. त्याने सही केली. वेणीपेक्षा वाकडी.

शनिवारी सकाळी ती सॅक लावून निघाली. हर्षद दारात उभा.

"प्रांजल. तो टिपू. त्याची पोरगी परत येते ना?"

"येते ना. तीन दिवसांनी."

"तोवर तो काय खातो?"

"फ्रिजमध्ये भाजीचे डबे ठेवलेत. खालच्या कप्प्यात."

हर्षद काहीतरी सुनावणार होता. मग आठवलं, टिपू मुका आहे.