दहा लाख तीनला दोनने भाग

संख्येला स्वभाव असतो आणि तो कधीही बदलत नाही. म्हणूनच कार्यालयीन कामकाजात माणसांपेक्षा संख्यांवर अधिक विश्वास ठेवला जातो. (हे धोरण योग्यच आहे.)

टेकडीवरच्या एका दुमजली घराला नळजोडणी एकच होती. ग्राहक क्रमांक दहा लाख तीन. वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतले: खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला. बोलणे बंद झाले. नळ थोरल्याच्या स्वयंपाकघरात राहिला आणि धाकट्याची बायको कडेवर तान्हे घेऊन रस्त्यावरच्या नळावरून बादल्या वाहू लागली. शेवटी धाकट्याने जोडणीच्या विभाजनासाठी पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज केला.

कार्यालयाचा नियम सुबक होता: ज्या जोडणीचे विभाजन करायचे, तिचा क्रमांक विभाज्य असावा. (हा नियम कोणी केला ते कोणालाच आठवत नाही, यावरून तो किती पक्का आहे ते दिसते.)

"तुमची संख्या मूळ आहे हो," कारकून दुखणे सांगावे तशा आवाजात म्हणाला. "एक आणि ती स्वतः, बाकी कशानेच भाग जात नाही."

"मग शेजाऱ्यांच्या तीन जोडण्या कशा झाल्या?" धाकटा उसळला.

"त्यांचा दहा लाख दोन. दोनने जातो, तीनने जातो, सहानेसुद्धा जातो. गुणी संख्या! तुमच्या वडिलांनी क्रमांक बघून घर घ्यायला हवं होतं."

तरी अन्याय नको म्हणून समिती नेमली गेली. तिने हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला (दोनने दोनदा, अर्जदाराच्या विनंतीवरून). गणिताप्रमाणे त्यापुढे जाण्याची गरज नव्हती. समितीचा भत्ता रोजावर असल्याने ती गेली.

तेवढ्यात धाकटी बादल्यांसकट घसरून पडली, हात मोडला. मग साहेबांना माणुसकी सुचली: भाग द्यावा आणि बाकी दाखवावी. प्रत्येकी पाच लाख एक, बाकी एक.

"ही बाकी कोणाच्या नावावर लावायची?" साहेबांनी सगळ्या घराला कार्यालयात बोलावून विचारले.

दोघा भावांनी कित्येक महिन्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि तिथल्या तिथे एकमत झाले.

"आईच्या."

आई शेजारीच उभी होती. सही करून ती म्हणाली, "मी कुठे राहायचं तेही लिहा की त्यात."

"त्याला रकाना नाही, आजी," कारकून म्हणाला.

वर पाणी आले. आई आता पंधरा दिवस खाली आणि पंधरा दिवस वर राहते. एकतीस तारखेला ती बहिणीकडे जाते. (एकतीस हीसुद्धा मूळ संख्याच.) बहिणीला मूलबाळ नाही, त्यामुळे तिथे भागाकार करावा लागत नाही.

वाचकांनी आपापला ग्राहक क्रमांक तपासून घ्यावा. सम असेल तर दोघा भावांत काही उरत नाही. आणि तुम्ही एकुलते एक असाल तर प्रश्नच मिटला. एकने कोणत्याही संख्येला निःशेष भाग जातो. एवढे असूनही आई तुमच्याकडे राहत नसेल, तर कार्यालयाकडे तक्रार करू नये. चूक गणिताची नाही.