सीडी चालेल असा लॅपटॉप

काशीरामच्या घरात लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा प्रत्येकाला तो वेगळ्या कामासाठी हवा होता. नात संचिता कॉलेजात नेणार होती, म्हणून तो हलका पाहिजे होता. सून किशोरी घरातल्या दोन खोल्या विजयदुर्ग बघायला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायची. तिला फोटो नीट दिसतील असा मोठा पडदा पाहिजे होता. मुलगा दत्तप्रसाद याला तो तीस हजारांच्या आत पाहिजे होता.

"माका सीडी चालणारो व्हयो," काशीराम म्हणाला.

सगळे जेवता जेवता थांबले. बायको गेल्याला चौदा महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत काशीरामने काहीच मागितलं नव्हतं, मीठसुद्धा नाही.

"बाबा, सीडी आता कोण बघता?" किशोरीने विचारलं.

"मी बघतलंय. माझ्या नाटकाची आसा."

"राजाक आपलो मुखडो बघूचो आसा," दत्तप्रसाद हसला.

पंधरा वर्षांपूर्वी वाडीच्या पूजेला हौशी मंडळींनी दशावतार केला होता. काशीराम राजा झाला होता. कॅमेरावाल्याने कॅमेरा मांडला तो नेमका त्याच्या बायकोच्या, यशोदेच्या शेजारी. यशोदा नाटकभर बोलत राहिली आणि ते सगळं सीडीत उतरलं. सीडी घरी आल्यावर काशीराम इतका चिडला की आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. सीडी त्याने ट्रंकेच्या तळाशी टाकली. पुढे खाऱ्या वाऱ्याने सीडीचं मशीन गंजून गेलं. कॅमेऱ्याचे मोबाइल आले, पण कोणी तो समोर धरला की यशोदा तोंडाला पदर लावून गप्प बसायची. तिचा आवाज आता त्या ट्रंकेतच काय तो उरला होता. हे काशीरामने घरात सांगितलं नाही. राजाचा मुखडा म्हणाले, तर म्हणू देत.

तळेऱ्याच्या तिठ्यावर प्रितेशचं दुकान होतं. काशीरामने तिथले तीन लॅपटॉप उलटसुलट केले आणि मासे घेताना कल्ले बघावे तशी त्यांच्या कडेने बोटं फिरवली.

"काका, फट मिळाची नाय," प्रितेश म्हणाला. "सीडी घालूची सोय आता कोण देत नाय."

"मगे जुनो दाखव."

प्रितेशने मागच्या खोलीतून एक काढला. संचिताने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "आजोबा, ह्यो घेऊन मी कॉलेजात जाव की तालमीत?"

"आणि लाईट गेली की ह्योव जातलो," प्रितेश म्हणाला. "बॅटरी संपलेली आसा. बाहेरून जोडूचो सीडीचो डबो मिळता, पण मागवूक लागतलो. दोन हजार."

"एका सीडीसाठी?" दत्तप्रसाद म्हणाला.

"त्यापेक्षा सीडी माझ्याकडे दिया. पेनड्राइव्हवर भरून देतंय. फुकट. एकदम क्लीन."

सगळ्यांना हायसं वाटलं. नको म्हणायला काशीरामकडे कारण नव्हतं. त्याने पिशवीतून धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली सीडी काढली. "सांभाळून रे," एवढंच तो म्हणाला.

चौथ्या दिवशी हलका, मोठ्या पडद्याचा, अठ्ठावीस हजारांचा लॅपटॉप पडवीत टेबलावर बसला. किशोरीने त्याला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. त्या नाटकात राक्षस झालेला गंगाराम आला. शेजारची सत्यवती आली. काशीराम सगळ्यांत पुढे बसला आणि त्याने डोळे मिटले. तो देवाला हात जोडतोय असं सगळ्यांना वाटलं.

संचिताने पेनड्राइव्ह लावला. पेटी वाजली. राजा आला. "या नगरीत आमच्या आज्ञेविना पानही हलत नाही!"

मग राजा गप्प झाला. त्याने खाली पाहिलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दिसता माका."

पुन्हा काही नाही. मग, "आता काय ती काढून हातात धरू?"

"काशीराम, कोणाशी बोलतंस रे?" गंगाराम पोट धरून हसला.

काशीरामने डोळे उघडले. अर्धी मिशी सुटलेला एक माणूस कोणाशीच बोलत नव्हता, आणि उत्तराची वाट बघत उभा होता. चौदा महिने काशीराम स्वयंपाकघरात तेच करत होता.

दत्तप्रसादने प्रितेशला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मधी मधी एक बाई बडबडत होती," प्रितेश सांगू लागला. "नवीन सॉफ्टवेअर आसा माझ्याकडे. तिचो आवाज पुरो काढून टाकलंय. त्याचे पैशे नकोत."

"ती माझी आजी," संचिता म्हणाली आणि लॅपटॉप मिटायला गेली.

"रवांदे," काशीराम म्हणाला. "मागे घे."

तिने नाटक मागे घेतलं. राजा गप्प झाला, तेव्हा काशीराम बोलला, "अवो, मिशी सुटली तुमची."

"दिसता माका," राजा म्हणाला.

"दिसता तर मगे चिकटवा."

"आता काय ती काढून हातात धरू?"

"धरा. हात तरी हलतले. मघापासून खांबासारखे उभे आसात."

आठ दिवस राग धरायचा तर माणसाला सगळं पाठ असावं लागतं. काशीरामला पाठ होतं. राक्षस आला तेव्हा तो म्हणाला, "भावजीनू, राक्षस झालात तरी चष्मो कित्याक?" गंगारामने नाकावरचा चष्मा चाचपला. सत्यवती पदराने डोळे पुसत हसत होती. "अशीच बोलायची गो ती. अगदी अशीच."

शेवटी आरतीच्या आधी राजा पुन्हा थांबला. त्याने खाली पाहिलं आणि तो हसला. सगळे काशीरामकडे बघत राहिले. काशीरामने तोंड उघडलं, पण ते वाक्य त्याला आठवेना. ती काहीतरी चांगलं बोलली असावी. तेवढ्याचा राग धरला नसणार.

फोन अजून चालू होता. काशीरामने तो हातात घेतला.

"सीडी आसा मा रे?"

"आसा काका. काउंटरवरच आसा. टाकून देऊ?"

"टाकू नको. तुझ्या त्या सॉफ्टवेअरात आणखी एकदा घाल. ह्या खेपेक राजाचो आवाज काढ. बाईचो रवांदे."

"पण काका, मगे राजा नुस्तो तोंड हलयतलो."

"हलवांदे," काशीराम म्हणाला. "घरात सुदिक तसोच होतो."